ट्रंकेतली पुरुषांसाठीची जुनी मासिके : आधी मोजा, मग हात लावा

प्रश्न थोडक्यात असा. बोटीवर नोकरी केलेले मामा वारले. त्यांच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत शे-सव्वाशे मासिके निघाली. निम्म्याहून अधिक प्लेबॉय, त्याखालोखाल एस्क्वायर, ट्रू, आर्गसी, स्टॅग, इंग्लंडचे मेन ओन्ली आणि तळाशी मुंबईच्या डेबोनेरचे वीसेक अंक. पिना गंजल्या आहेत, काही पाने एकमेकांना चिकटली आहेत, कसर लागली आहे. यात मोलाचे काय, टिकवायचे कसे आणि विकता येईल का?

सेलोटेप, डिंक, इस्त्री आणि डांबराच्या गोळ्या या चार गोष्टी आधी त्या खोलीबाहेर ठेवा. चाळीस वर्षे ट्रंकेत जेवढे बिघडले नाही तेवढे हौशी सफाईने एका रविवारी बिघडते.

दुसरे, प्लेबॉय सर्वांत जास्त आहेत म्हणून खूश होऊ नका. जुन्या मासिकाला किंमत येते ती किती छापले आणि त्यातले किती रद्दीत गेले यावरून. प्लेबॉयच्या नोव्हेंबर १९७२ च्या अंकाच्या ७१ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. हा त्या मासिकाचा उच्चांक. शिवाय लोकांनी हे अंक फेकले नाहीत, लपवून ठेवले. आज अमेरिकेत कुठल्याही जुन्या घराचे तळघर उपसले की सत्तरच्या दशकातले प्लेबॉय निघतात. साहजिकच १९६५ नंतरचा साधा अंक, अगदी स्वच्छ असला तरी, बहुतेक वेळा टपालखर्चाइतकाही भाव आणत नाही. पन्नासच्या दशकातल्या अंकांचे गणित मात्र वेगळे. डिसेंबर १९५३ चा पहिला अंक ५४ हजारांच्या आसपास खपला होता आणि चांगल्या अवस्थेतल्या प्रतीला आज हजारो डॉलर पडतात.

तो पहिला अंक तुमच्या ट्रंकेत असण्याची शक्यता फार कमी, पण ओळखायचा कसा ते सांगतो, कारण त्याच्या हुबेहूब पुनर्मुद्रित प्रती बाजारात फिरतात. पाने ४४, किंमत ५० सेंट, मुखपृष्ठावर हात उंचावलेली मेरिलिन मन्रो. त्यावर महिना-वर्ष छापलेले नाही, कारण दुसरा अंक निघेल याची संस्थापक ह्यू हेफनरलाच खात्री नव्हती. मुखपृष्ठावर सशाचे चिन्हही नाही. आर्ट पॉल यांनी काढलेला तो ससा दुसऱ्या अंकापासून आला. मूळ प्रत आणि पुनर्मुद्रण यांतला फरक १० पट भिंगाखाली कळतो. मूळ छपाईत मजकुराच्या अक्षरांच्या कडा सलग आणि भरीव दिसतात, ठिपके फक्त चित्रांत असतात. जुना अंक स्कॅन करून छापला असेल तर अक्षरांच्याही कडा ठिपक्यांनी फुटलेल्या दिसतात आणि चित्रांत ठिपक्यांवर ठिपके चढून लहरींसारखी जाळी उमटते. अतिनील टॉर्चची चाचणी बरेच जण सुचवतात. ती १९५० च्या आधीच्या कागदाला बऱ्यापैकी लागू पडते. त्या कागदात चमक आणणारी रसायने नसत, त्यामुळे तो मंद दिसतो आणि आजचा कागद निळसर पांढरा उजळतो. पन्नाशीच्या दशकात ही रसायने वापरात येऊ लागली होती, तेव्हा १९५३ च्या अंकाचा निकाल फक्त टॉर्चवर लावू नका.

संच लावताना मार्च १९५५ चा अंक सापडला नाही तर शोधत बसू नका, त्या महिन्यात अंक निघालाच नव्हता. पंचावन्न ते एकोणऐंशी या काळातल्या बऱ्याच मुखपृष्ठांवर नावातल्या ‘पी’ अक्षराच्या आत किंवा आसपास छोटे तारे दिसतील, कधी एकही नाही तर कधी बारा. हेफनर मॉडेलना गुण देत असे, ही त्या ताऱ्यांबद्दलची सर्वांत लोकप्रिय थाप. प्रत्यक्षात ती जाहिरातींसाठीच्या विभागीय आवृत्तीची खूण होती. ताऱ्यांमुळे भाव वाढतो असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही घेऊ नका.

आता तपासणी. इथे घाई करू नका, कारण पुरुषांच्या मासिकांत पान गायब असणे हा अपवाद नसून जवळजवळ नियम आहे. चित्रे भिंतीवर लागतात, कूपने कापून पाठवली जातात, मधले पान शेजारच्या केबिनमध्ये जाते. ट्रंकेतला प्रत्येक अंक टेबलावर सपाट ठेवा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात म्हणून तिथे नायट्राइलचे हातमोजे चालतील. सुती मोजे नकोत, ठिसूळ कडा त्यांत अडकून तुटतात.

या मासिकांची बांधणी सेंटर पिनिंगची, म्हणजे कागदाचे ताव एकात एक घालून मधोमध दोन पिना. त्यामुळे प्रत्येक पानाला अंकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एक जोडीदार असतो आणि दोन्ही मिळून एकच ताव. मुखपृष्ठ धरून ४४ पानी अंक घेतला तर पृष्ठ १५ चा जोडीदार पृष्ठ ३०. बेरीज ४५. पृष्ठ ७ चा जोडीदार ३८, बेरीज पुन्हा ४५. धड असलेल्या एका जोडीची बेरीज काढून घ्या. मध्ये घडीचे पान असले तरी त्याच्या बाहेरच्या सगळ्या जोड्यांत तीच बेरीज येते. आता पृष्ठ २९-३० पिनांवर सैल लोंबत असेल, तर जोडीदार १५-१६ कोणीतरी फाडला आहे. फाडणारा हुशार असेल तर पूर्ण तावच काढलेला असतो. मग सैल काहीच दिसत नाही, पण पृष्ठक्रमांक दोन ठिकाणी तुटतात. म्हणून अर्ध्यावर थांबू नका, शेवटपर्यंत मोजा. पूर्ण पानाच्या जाहिरातींवर बऱ्याचदा क्रमांक नसतो. तिथे मागच्या-पुढच्या क्रमांकावरून हिशेब करा.

मधले घडीचे पान ही प्लेबॉयपुरती सर्वांत महत्त्वाची तपासणी. तीन भागांची घडी मार्च १९५६ पासून आली, त्याआधी मधले चित्र साध्या जोडपानावर असे. तेव्हा १९५६ नंतरच्या अंकात तीन भाग मोजा आणि घडीच्या रेषेवर पान उजेडासमोर धरा. वरचेवर उघडून ते तिथेच विरते. पिनांच्या भोकांभोवती कागद ताणलेला, भोके लांबट झालेली दिसली तर पान काढून परत बसवले आहे असे समजा. दुसऱ्या अंकातले पान आणून बसवल्याचेही प्रकार होतात. त्यात भोके दोन जोड्यांची दिसतात, किंवा पानाची कड बाकी अंकापेक्षा मिलिमीटरभर आत-बाहेर असते. पिनांची ही बांधणी सप्टेंबर १९८५ च्या अंकापर्यंत चालली. पुढच्या महिन्यापासून चौकोनी कण्याची परफेक्ट बाइंडिंग आली. त्यात पिनांचा गंज नाही, पण कण्यातला गोंद वाळून तडकतो आणि पाने एकेक करून गळतात. ते अंक कधीही १८० अंशात उघडू नका.

मुखपृष्ठाचा वरचा पट्टा नेमका सरळ रेषेत नाहीसा असेल तर उंदराला दोष देऊ नका. अमेरिकी विक्रेते न खपलेल्या अंकाचे मुखपृष्ठ किंवा त्यावरचा नावाचा पट्टा फाडून वितरकाला परत पाठवत आणि पैसे वळते करून घेत. उरलेला अंक नष्ट करायचा असे, पण तो हातोहात स्वस्तात विकला जाई. असा अंक वाचायला ठीक, संग्राहकाच्या लेखी जवळजवळ शून्य.

एस्क्वायरकडे मात्र नीट लक्ष द्या. आधुनिक अर्थाने ‘पुरुषांचे मासिक’ हा साचा आर्नल्ड गिंग्रिच यांच्या संपादनाखाली १९३३ च्या शरदात निघालेल्या या अंकाने घडवला. कपडे, मद्य, प्रवास, व्यंगचित्रे, अर्धवस्त्र चित्रे आणि त्याच पुठ्ठ्याच्या आत अव्वल साहित्य. मंदीच्या काळात ५० सेंट किंमत ठेवूनही तो उडाला आणि जानेवारी १९३४ पासून मासिक झाला. हेमिंग्वेची ‘द स्नोज ऑफ किलिमांजारो’ ऑगस्ट १९३६ च्या अंकात पहिल्यांदा छापली गेली. फिट्झजेराल्डचे ‘द क्रॅक-अप’ हे लेख त्याच वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल. हे चार अंक ट्रंकेत असतील तर साठच्या दशकातल्या अख्ख्या प्लेबॉय-संचाआधी त्यांची काळजी घ्या. साठीतल्या अंकांत एप्रिल १९६६ (गायक फ्रँक सिनात्रावरचा गे तलीझचा लेख) आणि जॉर्ज लोइस यांची मुखपृष्ठे, विशेषतः एप्रिल १९६८ चे, अंगात बाण रुतलेल्या मुहम्मद अलीचे, बाजूला काढा.

सुटी चित्रे सापडली तर सही बघा. अल्बर्टो वर्गास यांची अर्धवस्त्र सुंदरींची चित्रे एस्क्वायरमध्ये १९४० पासून ‘वर्गा’ या नावाने छापली जात, शेवटचा ‘स’ मासिकाने गाळला होता. मासिकाशी फाटल्यावर त्या नावाच्या मालकीवरून कोर्टबाजी झाली आणि पुढे प्लेबॉयमध्ये ते पूर्ण ‘वर्गास’ म्हणून आले. एका अक्षरावरून चित्र कुठले आणि साधारण केव्हाचे ते ठरते. याच चित्रांमुळे १९४३ मध्ये पोस्टमास्टर जनरल फ्रँक वॉकर यांनी एस्क्वायरची सवलतीच्या टपालदराची परवानगी काढली. १९४६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. चांगले साहित्य ठरवणे हे टपालखात्याचे काम नाही, असा त्या निकालाचा रोख.

जुन्या एस्क्वायरची एक व्यावहारिक अडचण म्हणजे आकार. १९७१ पर्यंत तो सुमारे १० बाय १३ इंच होता. नेहमीच्या ए-फोर फायलीत कोंबला की वरची कड दुमडते आणि ती घडी कधीच जात नाही. ए-थ्री आकाराचेच पाकीट घ्या.

स्टॅग, मेल, मॅन्स लाइफ या जातीची साहसमासिके लोक सर्वांत आधी रद्दीत टाकतात. आत हलका न्यूजप्रिंट, बाहेर भडक रंगीत चित्र, मथळ्यात मगरी, नाझी आणि बेटावर अडकलेला जवान. मॅन्स लाइफच्या सप्टेंबर १९५६ च्या मुखपृष्ठावर विल हल्सी यांनी पाण्यातल्या माणसावर तुटून पडलेली मुंगुसासारखी जनावरे रंगवली आहेत. ‘मुंगसांनी माझे लचके तोडले’ अशा थाटाचा तो मथळा पुढे दंतकथा झाला. मार्टिन गुडमनच्या कंपनीच्या अशा मासिकांत ‘गॉडफादर’कार मारिओ पूझो ‘मारिओ क्लेरी’ या टोपणनावाने लिहीत असे, तेव्हा अनुक्रमणिका वाचा. नग्नता जवळजवळ नाही, जपून ठेवलेल्या प्रती कमी आणि मुखपृष्ठांच्या चित्रकारांना आज चाहते आहेत, त्यामुळे मागणी चांगली. ट्रू आणि आर्गसी ही दोन मासिके या साहसमासिकांपेक्षा संयमी. ट्रूचा जानेवारी १९५० चा अंक उडत्या तबकड्यांवरच्या डोनाल्ड कीहो यांच्या लेखासाठी शोधला जातो.

मेन ओन्ली म्हणजे एकाच नावाची दोन मासिके. १९३५ मध्ये सुरू झालेला खिशात मावणारा अंक कथा-विनोदांचा आणि सभ्य. १९७१ मध्ये पॉल रेमंडने नाव विकत घेतल्यावरचा मोठ्या आकाराचा अंक उघड नग्नतेचा. दोन्हींचे गठ्ठे वेगळे करा, पुढे कायद्याच्या मुद्द्यावर हा भेद कामाला येतो.

मामा बोटीवर होते म्हणजे परदेशी आवृत्त्याही निघतील. जपानचे ‘शूकान प्लेबॉय’ हे १९६६ पासूनचे शूएशा प्रकाशनाचे साप्ताहिक, हेफनरशी त्याचा संबंध नाही. प्लेबॉयची खरी जपानी आवृत्ती १९७५ ची, मासिक. ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीने ते नावच चालू दिले नाही, म्हणून १९७५ ते १९७८ अंक ‘ओमेम’ म्हणजे ‘पुरुष’ या नावाने निघाला. फ्रान्सचे ‘लुई’ १९६३ चे, त्याचेच अमेरिकी भावंड ‘वी’ १९७२ चे. अशा आवृत्त्यांचा बाजार त्या त्या देशात असतो. आपल्याकडे गिऱ्हाईक मिळणे अवघड.

आणि तळाचे डेबोनेर. मला विचाराल तर ट्रंकेतला सर्वांत जपण्याजोगा गठ्ठा हाच. मुंबईहून १९७३ पासून निघालेले हे इंग्रजी मासिक प्लेबॉयच्या वळणावर बेतलेले. विनोद मेहतांची संपादक म्हणून ओळख इथूनच झाली. मधल्या पानाच्या पलीकडे त्यात मुलाखती, राजकीय लेख आणि भारतीय इंग्रजी कविता असत. इम्तियाझ धारकर यांनी त्याचे कवितेचे पान सांभाळले. छपाई प्लेबॉयच्या तुलनेत अगदीच कमी, कागद हलका आणि घराघरांतून ते वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात लपवून रद्दीवाल्याला दिले गेले. ग्रंथालयांनी असले काही घेतले नाही. त्यामुळे सलग संच दुर्मीळ. त्यातली कुठली कविता पुढे संग्रहात आली आणि कुठली नाही, हे शोधणाऱ्याला मूळ अंकच लागतो. वीस अंकांची महिना-वर्षवार यादी करा आणि हा गठ्ठा फोडून विकू नका.

प्लेबॉयच्या गठ्ठ्यातून भारतीय वाचकाने एक अंक हमखास काढावा, ऑक्टोबर १९६३. त्यात पंडित नेहरूंची ‘मुलाखत’ आहे. ती प्रत्यक्ष घेतलेली मुलाखत नसून त्यांच्या भाषणा-निवेदनांतून जुळवलेला मजकूर आहे, असे भारतीय दूतावासाने कळवले आणि मासिकाला खुलासा करावा लागला. प्लेबॉयच्या मुलाखतींचे सदर सप्टेंबर १९६२ मध्ये अ‍ॅलेक्स हेलीने घेतलेल्या जाझ वादक माइल्स डेव्हिसच्या मुलाखतीने सुरू झाले. त्या सदराचे पहिले दहा-बारा अंकही वेगळे ठेवा.

आता साफसफाई. ट्रंक पावसाळ्यात उघडली असेल तर बंद करा, पण आत ओल असेल तर अंक बाहेर काढून पंख्याखाली सावलीत पसरा. ऊन नको, छपाईतला लाल आणि पिवळा रंग आधी उडतो. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावे. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवेत ८० टक्क्यांवर आर्द्रता असते आणि ६५ च्या वर बुरशी जिवंत होते.

कसर आणि तिची अंडी मारायला विषारी धुरी नको, फ्रीझर पुरे. पाच-सहा अंक जाड पॉलिथिनच्या पिशवीत, हवा दाबून काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करून उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका. इथेच बहुतेकांची चूक होते. गार अंकाला दमट हवा लागली की पाण्याचे थेंब कागदावर धरतात आणि कसरीपासून वाचवलेला अंक चिकटून बसतो. डांबराच्या गोळ्यांचा वास कागदात मुरतो आणि वर्षानुवर्षे जात नाही. वास येणारा अंक गिऱ्हाईक परत करते.

बुरशी कोरडी आणि भुरभुरीत असेल तर एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने अंकाच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेला झटका. ओली असेल तर आधी वाळवा, ओली झटकली की ती कागदात चोळली जाते. राहिलेले डाग राहू द्या. ब्लीच, स्पिरिट, व्हिनेगर यांतले काहीही चकचकीत पानावर लावले की शाईच निघते.

चिकटलेल्या पानांबाबत वाईट बातमी. आर्ट पेपरवर चिनी मातीचा लेप असतो आणि तो चिकट बंधकाने बसवलेला. पाने भिजली की तो लेप मऊ होतो आणि दाबाखाली वाळला की दोन पाने एकच पुठ्ठा होतात. ओली असतानाच वेगळी करता येतात, किंवा लगेच गोठवून पुढे संवर्धकाकडे नेता येतात. एकदा वाळल्यावर वाफ देऊन सुटतील असे सांगणारे सगळे सल्ले पानाचे चित्र दुसऱ्या पानावर नेऊन ठेवतात. कडेला थोडेच चिकटले असेल तर पातळ हाडी पट्टी (कागदाची घडी दाबायला वापरतात ती) जवळजवळ आडवी धरून, न ढकलता, तिला आपली वाट शोधू द्या. अडली की थांबा.

पिना. नुसता तपकिरी डाग असेल तर हात लावू नका, मूळ पिना असणे हा किमतीचा भाग आहे. पिनेने कागद खाल्ला असेल, भोकाभोवती भुगा पडत असेल, तरच काढा. अंक मधोमध उघडा, वळवलेल्या पायांखाली पॉलिएस्टर फिल्मचा छोटा तुकडा सरकवा म्हणजे खालचा कागद ओरखडत नाही, पाय बोथट सुरीने सरळ उभे करा, मग अंक उलटून बाहेरच्या बाजूने पीन वर ओढा. पायांच्या बाजूने ओढली तर गंजलेली पीन मध्येच तुटते आणि मुखपृष्ठाला चीर पाडते. नव्या पिना मारू नका. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून आत सैल गाठ मारा. विकताना हे सांगावे लागेल.

फाटलेले पान जोडायचेच असेल तर फक्त आतल्या न्यूजप्रिंटवर, चकचकीत पानावर नाही, कारण पाण्याने लेप उठतो. चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आसपासचा जपानी कागद हाताने फाडून (कापून नाही, तंतू मोकळे हवेत) पट्टी करा. गव्हाच्या सत्त्वाची खळ लावा: एक वाटी सत्त्व, चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर वीस-तीस मिनिटे ढवळत शिजवा, गाळा, पातळ करा. मैद्याची खळ नको, त्यातले ग्लुटेन कडक होते आणि कसरीला मेजवानी मिळते. पट्टीच्या वर-खाली टीपकागद ठेवून वजनाखाली रात्रभर ठेवा. साहसमासिकांचा कागद मात्र अनेकदा दुरुस्तीपलीकडे गेलेला असतो. लगद्यातले लिग्निन (लाकडातला एक घटक) आणि आम्ल आतूनच त्याला जाळतात. गळून पडलेला एखादा कपचा दुमडून बघा. पहिल्याच घडीला तुटला तर तो अंक ९० अंशांपेक्षा जास्त उघडू नका, मजकूर हवा असेल तर फोटो काढून घ्या.

साठवण अगदी साधी. प्रत्येक अंक पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा. पीव्हीसीची पाकिटे नकोत. नवी असताना ज्यांना रेक्झिनसारखा वास येतो तीच पुढे चिकट होतात आणि मुखपृष्ठाची शाई उचलतात. अंक आडवे ठेवा, थर वीतभराहून उंच नको, दर दहा अंकांनी कण्याची दिशा बदला, नाहीतर गठ्ठा एका बाजूला कलतो. पत्र्याची ट्रंक टाळा, दिवस-रात्रीच्या तापमानफरकाने तिच्या आत दव धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात दर १०० लिटरला २ किलोच्या हिशेबाने सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवा. विदर्भात उलटी भीती. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की कडा कुरकुरीत होतात. तिथे उन्हाळ्यात अंक चाळू नका आणि जेलचे प्रमाण निम्मे करा.

स्कॅन करताना मजकुराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० बिंदू) पुरे, छापील चित्रांना ६००, आणि सॉफ्टवेअरमधला ‘डीस्क्रीन’ पर्याय चालू. छपाईचे ठिपके आणि स्कॅनरच्या रेघा एकमेकांवर चढून जाळी उमटते, तिच्यावर हाच उपाय. गंमत म्हणजे संगणकशास्त्रातले सर्वांत प्रसिद्ध चाचणीचित्र याच कामातून आले. १९७३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधकांनी नोव्हेंबर १९७२ च्या प्लेबॉयच्या मधल्या पानाचा फक्त वरचा ५.१२ इंचांचा भाग इंचाला १०० रेघा या दराने स्कॅन केला. म्हणून ते चित्र ५१२ बाय ५१२ बिंदूंचे. ‘लेना’ नावाने ते पन्नास वर्षे शोधनिबंधांत वापरले गेले. एप्रिल २०२४ पासून आयट्रिपलई कॉम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने ते असलेले निबंध घेणे बंद केले. आपल्या घडीच्या पानाचे पूर्ण स्कॅन करायचे तर तीन भाग वेगवेगळे करा, काच दाबून घडी सपाट करू नका.

विक्रीपूर्वी कायदा. भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ (पूर्वीचे भादंवि २९२) अश्लील पुस्तके विकणे, भाड्याने देणे, वाटणे, जाहीर मांडणे, आयात करणे आणि या कामांसाठी जवळ बाळगणे हा गुन्हा मानते. पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. साहित्य, कला, विज्ञान किंवा विद्येच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनाला अपवाद आहे. नुसते नग्न चित्र म्हणजे अश्लील असे नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार खटल्यात जुनी इंग्रजी हिक्लिन कसोटी (मजकूर कच्च्या मनाला बिघडवेल का, एवढेच पाहणारी) सोडून समकालीन समाजाची मापे लावली. पण ती मापे लावायची वेळ खटला उभा राहिल्यावर येते. म्हणून व्यवहारात असे करा: एस्क्वायर, ट्रू, आर्गसी, साहसमासिके आणि १९७१ पूर्वीचे मेन ओन्ली खुशाल विका. नग्नता असलेले अंक एकगठ्ठा अभ्यासकाला किंवा संग्रहालयाला द्या, नाहीतर वकिलाला विचारून पुढे जा. जाहिरातीत फक्त मुखपृष्ठाचा फोटो टाका. आतले पान ऑनलाइन टाकले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ वेगळे लागू शकते. आणि सप्टेंबर १९८४ चा अमेरिकी पेंटहाऊस ट्रंकेत निघाला तर तो विकू, स्कॅन करू किंवा ठेवूही नका, आधी वकिलाला दाखवा. त्यातली एक मॉडेल अल्पवयीन असल्याचे पुढे उघड झाले, आणि तिथे पॉक्सोचा, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचा, प्रश्न येतो.

वर्णन लिहिताना ‘उत्तम स्थिती’ हे दोन शब्द कोणालाच काही सांगत नाहीत. असे लिहा: ‘ट्रू, जानेवारी १९५०. सर्व पाने मोजली, पूर्ण. पिना दोन्ही मूळ, हलका गंज. मुखपृष्ठाचा खालचा उजवा कोपरा २ सेंमी दुमडलेला. कण्यावर वरून ३ सेंमी चीर, दुरुस्ती नाही. मागच्या पानावर पेनने नाव.’ दोष तुम्ही सांगितला की घासाघीस होते. गिऱ्हाइकाला तो नंतर दिसला की अंक परत येतो, आणि परतीच्या प्रवासात कोपरे हमखास जातात. पाठवताना अंक पाकिटासह दोन नालीदार पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठे चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठे आणि त्यांच्या नाल्या एकमेकींना काटकोनात. नाल्या एकाच दिशेला आल्या तर पार्सल त्याच रेषेवर मोडते. चिकटपट्टीचे टोक दुमडून ठेवा, म्हणजे उघडणाऱ्याला सुरी लावावी लागत नाही.